मापट्याच्या बुडाशी झाकण

मित्रांनो, माझ्यासारखं भांडं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलंही नसेल. धान्य मोजायचं जुनं पितळी मापटं आहे मी. तांबटाने मला घडवलं, काठोकाठ पाणी भरून पाहिलं आणि म्हणाला, "हे खोटं बोलणार नाही." तेवढ्या एका कौतुकावर मी बरीच वर्षं जगलो.

चाळीस वर्षं मी एका बाईंच्या हाताखाली काढली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून घरचे तांदूळ त्याच मोजत. पुढे नजर मंदावली, तरी ते काम त्यांनी सोडलं नाही. मापट्यावर शीग यायलाच हवी, असा त्यांचा नियम होता. सपाट माप म्हणजे कंजूष हात, असं त्या म्हणत.

मग त्यांच्या मुलाला परदेशात नोकरी लागली. आई, बायको आणि मुलीला घेऊन निघण्याआधी महिनाभर तो रोज कागद घेऊन बसे. भाडं, वीज, बस, मुलीची शाळा आणि शेवटच्या ओळीत वाणसामान. हा शेवटचा आकडा त्याने तिकडे आधी गेलेल्या एका सहकाऱ्याकडून घेतला. सहकारी एकटा राहत होता. याने त्याच्या खर्चाला चाराने गुणलं आणि एकत्र स्वयंपाकात वाचतं म्हणून वर थोडं कापलंही. बारा वर्षं ज्या सूनबाई त्या घराचं सामान भरत होत्या, त्यांना कोणी काही विचारलं नाही. उरलेली रक्कम मायदेशी घेतलेल्या घराच्या हप्त्यांसाठी दरमहा पाठवीन, असा शब्द त्याने थोरल्या भावाला देऊनही टाकला.

सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हा बरीच भांडी मागे राहिली. मला बाईंनी आपल्या शालीत गुंडाळलं होतं, म्हणून मी सुटलो.

नवं स्वयंपाकघर चार पावलांचं होतं. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे. दुसऱ्याच महिन्यात वीस तारखेला तांदळाचा डबा तळाला गेला. सूनबाईंनी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, लोकांना पुरतं, मग आपल्यालाच कसं पुरत नाही? दुकानात तर तो टोमॅटो हातात घेऊन मनातल्या मनात आपल्या पैशात गुणाकार करी आणि हळूच परत ठेवी. मुलगी त्याची नक्कल करून आजीला हसवायची.

शेवटी सूनबाईंनी सासूबाईंना तांदूळ जरा कमी मोजायला सुचवलं. त्यांनी सरळ मुलाला विचारलं, "भागत नाही का रे?" त्या संध्याकाळी सूनबाईंना बरंच ऐकून घ्यावं लागलं. आईला कशाला सांगितलंस, उद्या ती फोनवर दादाला सांगेल, मग माझी काय अब्रू राहील, असं बरंच काही.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी बरणीचं एक झाकण धुतलं, पुसलं आणि माझ्या बुडाशी दाबून बसवलं. वरची शीग तशीच, आत मात्र बोटभर तांदूळ कमी. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा खोटं बोललो. भाव चढले तसं त्यावर दुसरं झाकण आलं.

बाईंना दिसत नव्हतं, पण हात जुना होता. एका सकाळी त्यांनी बोटं आत घातली आणि तळ चाचपला. सूनबाई ओट्याशी थिजून उभ्या राहिल्या.

"राहू दे ते," बाई हळूच म्हणाल्या. "त्याला कळू देऊ नकोस. दमून येतो तो."

त्या दिवसापासून बाईंना संध्याकाळी भूक लागेनाशी झाली. सूनबाई तर वाढता वाढताच पोट भरलं म्हणून सांगत. दोघी एकमेकींना आग्रह करत आणि दोघीही अर्ध्या पोटी उठत. नवरा ढेकर देऊन म्हणे, बघा, नीट आखलं की सगळं बसतं.

एकदा तो सहकारी जेवायला आला. भात घेता घेता सहज बोलून गेला, "मी घरी रात्रीचंच जेवायचो. दुपारचं कंपनीत फुकट मिळतं ना." सूनबाईंचा वाढता हात थांबला. नवऱ्याने ऐकलं, चांगलं ऐकलं, आणि बसचं भाडं किती वाढलं ते बोलू लागला. आकडा तसाच राहिला. भावाला शब्द दिला होता ना.

थंडीत बाई चक्कर येऊन पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. दवाखान्यात काय घडलं ते नातीने घरी येऊन सांगितलं. डॉक्टरांनी रोज काय जेवता म्हणून विचारलं, तर आजी बाबांकडे वळून म्हणाली, "पोटभर." डॉक्टरांनी अशक्तपणा लिहिला. मुलाने हवेवर ठपका ठेवला आणि महिन्याभरात आईची परत पाठवणी केली. दारात बाईंनी सुनेचा हात धरला. "आता तू तरी जेव," एवढंच म्हणाल्या.

माझं काम तिथेच संपलं. आता तांदूळ प्लॅस्टिकच्या कपाने मोजतात आणि मी फडताळात मागे पडून असतो. तरी ऐकू येतं. परवा कोणाचा तरी फोन आला होता. तोही बायकामुलांना आणि आईला घेऊन इकडे यायला निघाला होता, वाणसामानाला किती धरू म्हणून विचारत होता. नवऱ्याने तोच आकडा सांगितला. "चौघांना पुरतात. आमचं वर्ष निघालं त्यात."

सूनबाईंनी नळ बंद केला. "पुरले नव्हते हो," त्या म्हणाल्या. "आई आणि मी मिळून एक माणूस उपाशी होतो."

तो पाठ फिरवून खिडकीकडे वळला. मग फोनवर म्हणाला, "काही नाही, टीव्ही चालू आहे."

आता घरात तिघंच आहेत, आणि तो आकडा खरोखरच पुरतो.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस मोठे व्हाल, दूरदेशी जाल, घरखर्च मांडायला बसाल. कागद पुढे ओढण्याआधी रांधणाऱ्या माणसाला विचारा. आणि जेवताना, सगळ्यांत शेवटी जो बसतो त्याच्या ताटात एकदा डोकावून पाहा. तेवढं पाहायला गणित यावं लागत नाही.