उघडणाऱ्या पाठीचा फोन

मी एक जुना फोन आहे, पण मित्रांनो, मला कधी कोणी विकत घेतलं नाही. मी दुकानाची पायरीच चढलो नाही. फिनलंडमधल्या ओउलू शहरात, एका छोट्या कंपनीच्या टेबलावर माझा जन्म झाला, आणि तोही एकदाच नाही. मी नमुना होतो. माझ्यावरून पुढे हजारो फोन घडणार होते, म्हणून माझ्यात काय हवं आणि काय नको, यावर माणसं सतत वाद घालत.

आधी मला धातूची पाठ मिळाली. दिसायला देखणी, पण धातूतून रेडिओलहरी नीट जात नाहीत, त्यामुळे माझा आवाज तुटायचा. मग काचेची पाठ आली, ती पडली की फुटायची. प्लास्टिकची बसवली तर सगळे म्हणाले, खेळण्यातला वाटतो. पडदा मोठा केला की तो बॅटरी भराभर संपवी. बॅटरी मोठी केली की मी जड होई. आता मी पुरा झालो, असं मला एकदाही वाटलं नाही. कोणी टेबलाजवळ आलं की वाटायचं, आता माझं काय बदलणार?

माझं अंग घडवणाऱ्या इंजिनिअरचं नाव हिल्का. तिचा एकच हट्ट होता. फोनची पाठ मालकाला घरच्या घरी उघडता आली पाहिजे आणि बॅटरी बदलता आली पाहिजे. तिची आई लेम्पी दूर उत्तरेला जंगलाच्या कडेला राहायची. लेम्पीचा आधीचा फोन ठणठणीत होता, फक्त त्याची बॅटरी थकली होती, आणि ती आत गोंदाने चिकटवलेली होती. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. हिल्काला ते फार लागलं, कारण तो फोन तिच्याच हातून घडला होता.

आमचा प्रमुख रायमो याचं मत वेगळं होतं. त्याने माझा एक सडपातळ भाऊ करवून घेतला होता. त्याच्या सगळ्या फटी गोंदाने बंद, पाण्याचा थेंब आत जाणार नाही. "दुकानात माणूस आधी फोन हातात घेतो, मग विचार करतो," रायमो हिल्काला म्हणायचा. "हातात तुझी वीट आली, तर तो विचारापर्यंत पोचणारच नाही." आमच्यापैकी एकावरूनच कारखान्याचे साचे बनणार होते. दुसरा कपाटात.

निर्णयाच्या आधी, मार्चमध्ये, गोठलेल्या समुद्रावर ऑफिसची मासे धरण्याची शर्यत आली. ती दर वर्षी असते. बर्फाला भोक पाडायचं, स्टुलावर बसायचं, इवलासा गळ सोडायचा आणि गप्प राहायचं. रायमो म्हणाला, दोन्ही फोन बरोबर घेऊ, थंडीच ठरवेल. भावाला त्याने कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवलं. मी हिल्काकडे होतो.

रायमोला तळहाताएवढा एक मासा मिळाला. त्याने मोठ्या ऐटीत फोटो काढायला भावाला बाहेर काढलं आणि भावाने तिथेच मान टाकली. मित्रांनो, अशा थंडीत बॅटरीतली वीज संपत नाही, ती अडून बसते. आतलं रसायन संथ होतं आणि एकदम जास्त वीज मागितली की फोन बंद पडतो. थोड्या वेळाने मीही बंद पडलो. पण हिल्काने दुसरी बॅटरी स्वेटरच्या आत, अंगाशी धरून ऊबदार ठेवली होती. तिने माझी पाठ उघडली, बॅटरी बदलली आणि त्या माशाचा फोटो मी काढला.

"मासा माझा आणि फोटो तुझा," रायमो कुरकुरला.

"फोटोत जरा मोठा करून देऊ का?" हिल्का म्हणाली. आसपासची स्टुलं हसली.

त्या आनंदातच तिच्या हातून चूक झाली. शर्यतीनंतर सगळे किनाऱ्यावरच्या सौनागृहात, म्हणजे वाफेने शेकायच्या घरात जातात, आधी बायका, मग पुरुष. गार पडलेली वस्तू पिशवीत गुंडाळून ओसरीत ठेवायची आणि हळूहळू ऊब द्यायची, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक असतं. हिल्काने मला सरळ कपडे बदलण्याच्या वाफाळ खोलीत खिडकीवर ठेवलं. बाहेरून आत आल्यावर चष्म्यावर वाफ धरते ना, तशी ती माझ्या पोटात धरली. पडदा दोनदा लुकलुकला आणि विझला.

भाऊ मात्र रायमोच्या पिशवीत सावकाश गरम झाला आणि आपोआप उठला. रायमोने आम्हा दोघांना शेकोटीजवळच्या टेबलावर, सॉसेजच्या ताटाशेजारी ठेवलं. "एक झोपला होता, उठला. दुसरा बुडाला, तोही कोरड्या जमिनीवर."

हिल्काचे केस अजून ओले होते. तिने माझी पाठ उघडली, बॅटरी काढली आणि एकेक भाग पुसून टॉवेलवर मांडला. बाकीचे सॉसेज खात होते. मी त्या टॉवेलवर विखुरलेला होतो आणि मला डोळ्यांसमोर ते ऑफिसातलं कपाट दिसत होतं. कॉफीची दुसरी किटली रिकामी झाल्यावर तिने मला जोडलं. मी उजळलो.

"हा बुडाला आणि मी त्याला बाहेर काढलं," ती म्हणाली. "तुझा आज उठला, रायमो. काही हिवाळ्यांनी त्याची बॅटरी थकेल, तेव्हा त्याला कोण उठवणार?"

रायमोने शेकोटीत एक लाकूड सरकवलं. "कळतंय मला. पण वाफ शिरणारा फोन मी विकू शकत नाही."

"पाठीला रबराची कड लावते. वर चार स्क्रू."

"त्याला जागा? माझ्या या सडपातळ पोराच्या जाडीवर एखाद्या नाण्याएवढी वाढ चालेल. त्याहून जास्त नाही."

हिल्काने मला कुशीवर वळवलं. तिथे माझं जाड बटण होतं. बर्फावर हातमोजा न काढता तिने फोटो घेतला, तो त्याच बटणाने. आलेला फोनही त्यानेच उचलता येत असे. तिचा अंगठा त्यावर जरा वेळ थांबला.

"हे काढते, म्हणजे रबराला जागा होईल," ती म्हणाली.

तर साचे माझे झाले नाहीत आणि भावाचेही नाहीत. तिसराच एक फोन जन्माला आला, चार स्क्रूंचा. पुढच्या हिवाळ्यात पहिल्या खेपेतला एक घेऊन हिल्का आईकडे गेली. मी तिच्या खिशात होतो. दुसऱ्या दिवशी लेम्पी अंगणात लाकडं रचत असताना फोन वाजला. तिने जाड लोकरी हातमोज्यातल्या बोटाने पडदा दाबून पाहिला, पुन्हा दाबला, शेवटी दातांनी हातमोजा ओढून काढला. तोवर फोन वाजायचा थांबला होता.

"अगं, तूच केलास ना हा?" लाल झालेलं बोट काखेत दाबत ती म्हणाली. "मग एखादं बटण ठेवायला काय झालं होतं?"

हिल्काने लाकडं उचलली. मग स्वयंपाकघरात लेम्पीने नाकावर चष्मा चढवला, चारही स्क्रू स्वतः फिरवले, बॅटरी काढली, परत बसवली. काही गरज नसताना पुन्हा एकदा उघडून पाहिलं. "हं," ती म्हणाली. "हे मात्र मला जमतं."

मित्रांनो, सगळं काही असलेला फोन कुणालाच घडवता आलेला नाही. तुमच्या हातातल्या फोनमध्ये जे नाही, ते कुणीतरी विचार करून, कदाचित जड मनाने सोडलेलं असतं. म्हणून तो थकला की लगेच फेकू नका. त्याला उन्हात तापवू नका, थंडीत गारठवू नका, आणि नवा घ्यायच्या आधी त्याची पाठ उघडू शकणारा माणूस शोधा.

मी हे सांगतो आहे तेव्हा टेबलावर उघडा पडलो आहे. हिल्काच्या चिमट्यात एक बारीक बटण आहे. ते बसवायचं तर बॅटरी लहान करावी लागेल. ती चिमटा माझ्यावर धरून थांबली आहे आणि तिचं अजून ठरत नाही.