एप्रिलमध्ये घरी नसलेला एनॉक

माझ्या चुलतभावाला, नेव्हिलला, निवृत्तीनंतर पूर्वज शोधायचा नाद लागला आणि आमच्या घराण्याची झोप उडाली. एका रविवारी विनीआत्याकडे चहाला आला असता, केकचा दुसरा तुकडा उचलता उचलता तो म्हणाला, "आत्या, तुझा आजोबा पळपुटा होता बरं का. १८८१ची शिरगणती बघितली, १८९१ची बघितली. घरात बायको हॅना, पोरं, आणि हा बाबा दोन्ही वेळा गायब!"

आत्या ऐंशी पार केलेली, जन्मभर वडिलांजवळ राहिलेली. तिचा आजोबा एनॉक उत्तर इंग्लंडातल्या आमच्या पॅडिहॅम गावात लाकडी तळाचे बूट करायचा. त्याची वाकडी सुरी तिने शेगडीवरच्या भिंतीला टांगली होती. घरी आला की एनॉक कोटाचे खिसे उलटे करून पोरांपुढे हेझलनट ओतायचा, ही तिच्या वडिलांची गोष्ट. लहानपणी आत्याच्या मांडीवर बसून मी ती शंभरदा ऐकली आहे, आणि मला ती अजून आवडते.

"म्हणजे माझे बाबा खोटं सांगायचे?" आत्याने विचारलं.

"बापाने टाकलेलं पोर ते. दुसरं काय सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मी आत्याकडे गेले, तर भिंतीवर सुरी नाही, नुसता खिळा. माझं डोकंच फिरलं. उंटावरचा शहाणा मेला!

"आत्या, हेझलनट पिकतात कधी?"

"सप्टेंबरात. एवढंही ठाऊक नाही तुला?"

"म्हणजे तो घरी यायचा सप्टेंबरात. आणि शिरगणती असते एप्रिलात. एप्रिलात बूटवाले कुठे असायचे?"

"जंगलात. आल्डरची झाडं तोडायला. तिथंच तंबू ठोकून उन्हाळाभर बुटांचे तळ कापत बसायचे. बाबा म्हणायचे, पार दक्षिणेत, टेम नदीच्या काठी…" ती भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायला लागली.

मग मी वाचनालयात ठाण मांडलं. टेमकाठच्या एकेका गावाच्या शिरगणतीची मायक्रोफिल्म फिरवताना डोळ्यांची वाट लागली. गावाच्या यादीच्या शेवटी, शिरगणतीच्या रात्री कोठारांत नि तंबूंत झोपलेल्यांची नावं असतात. तिथे १८८१ साली एनॉक सापडला, आणि दहा वर्षांनी शेजारच्याच गावात पुन्हा.

कागद आत्याच्या हातात दिले. तिने चष्मा लावलाच नाही.

"तंबूत एकटाच होता? की कुणी…"

"पाच जण होते बरोबर. सगळे बाप्ये, सगळे बूटवाले."

"आणि लग्नाचं काय लिहिलंय?"

"विवाहित. दोन्ही वेळा."

आत्या रडली. मीही रडले, लाजायचं काय त्यात! "माझे बाबा खरं बोलत होते गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मग डोळे पुसून तिने खणातून सुरी काढली आणि मला स्टुलावर चढवलं.

"नेव्हिलला रविवारी चहाला बोलाव," खालून ती म्हणाली. "केक नको करूस. हेझलनट आण, सालासकट. फोडू दे त्याला कवळीने."