जिवंत यजमानाची नोंद

पंचवटीतल्या तीर्थोपाध्याय शामसुंदर गुरुजींना माणसं यजमानांच्या वंशावळीच्या वहीतून ओळखायची सवय. कोणाचा पणजोबा कधी गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, आला, कोणाच्या चुलत्याने सही करताना शाई सांडली, सगळं तोंडपाठ. करोनात घाट ओस पडला, गुरुजी घरात बसून किरकिरे झाले, तेव्हा सून स्वरदा म्हणाली, "बाबा, रोज दोन यजमानांना फोन करा. त्यांनाही बरं वाटेल, आम्हालाही."

गुरुजींनी फोन सुरू केले. फक्त सिन्नरकडचे धोंडीराम त्यांना जड जात. कांद्याच्या रोपापासून सुरुवात झाली की तासाभराने गाडी बायकोच्या, साळूबाईंच्या, गुडघ्यावर थांबायची. त्यात एकदा धोंडीराम म्हणाले, "गुरुजी, ताप आलाय. वरच्या खोलीत एकटाच हाय. तुमचा फोन आला का जरा बरं वाटतं."

"हो हो, करतो ना," गुरुजी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी टाळलं. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी दिंडोरीचा यजमान ज्ञानेश फोनवर म्हणाला, "सिन्नरचे धोंडीराम गेले म्हणतात."

गुरुजी हळहळले. पण त्या हळहळीच्या पोटात सुटकेचा एक बारीक श्वासही होता. त्यांनी घराण्याची वही काढली, धोंडीरामांच्या नावामागे सुबक अक्षरात 'कैलासवासी' लिहिलं आणि तिथी टाकली.

आठवड्याने फोन वाजला. पडद्यावरचं धोंडीरामांचं नाव दोनदा वाचून गुरुजींनी तो उचलला.

"गुरुजी, बरे हाय ना? इतके दिस फोन नाय, म्हनलं गुरुजींलाच धरलं का काय त्या रोगानं! लय घोर लागला व्हता."

'रेंज नव्हती' हे गुरुजींच्या अगदी ओठावर आलं. पण त्यांच्या घराण्यात वहीत खाडाखोड चालत नसे. चुकीची नोंद यजमानानेच येऊन स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची. म्हणजे आज ना उद्या धोंडीराम ते पान वाचणारच. गुरुजींनी घसा खाकरून सगळं सांगितलं.

धोंडीराम खोकला येईपर्यंत हसले. "मेलेल्या मान्साची सही घेता का, गुरुजी? येतो. यष्टी सुरू झाली का येतो."

गुरुजींनाही हसू फुटणार, तेवढ्यात पलीकडचा आवाज उतरला.

"पर एक इचारू? मी गेलो आसं तुम्हाला वाटलं. मग साळूला एक फोन नाय केला? ती जिन्याखाली एकटीच बसून ऱ्हायची, गुरुजी. कोनी फिरकत नव्हतं."

तिथी टाकताना पंचांग दोनदा पाहिलं होतं. साळूबाई मात्र एकदाही आठवल्या नव्हत्या.

"द्या त्यांच्याकडे," गुरुजी कसंबसं म्हणाले.

"बोला, गुरुजी," साळूबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षं लोकांच्या दुःखात मंत्र म्हटलेल्या माणसाला एक वाक्य जुळेना.

"गुडघा... गुडघा कसा आहे?"

"दुखतोय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येळ हाय का?"