महिन्यात तिसऱ्यांदा टॅपेट

लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती, पण सासरी मी साधी खुर्चीसुद्धा इकडची तिकडे ठेवली नव्हती. उचलायला गेलो की सासरे लगबगीनं पुढे यायचे, "राहू द्या, राहू द्या, जावईबापू, तुम्ही बसा." मग मी बसायचो. तेही समोर बसायचे. "काय म्हणतंय हॉस्पिटल?" ते विचारायचे. "चाललंय." मग मी विचारायचो, "गाडी काय म्हणते?" "पळतेय." एवढ्यावर आमचे विषय संपायचे आणि आम्ही दोघंही सासूबाई चहा कधी आणतात याची वाट बघत बसायचो.

गाडी म्हणजे त्यांचा ट्रक. सहा सिलिंडरचा, डिझेलवरचा, कधीकाळी निळ्या रंगाचा. एकोणतीस वर्षं तो त्यांनी एकट्यानं चालवला होता. फार मोठं काम निघालं तरच गॅरेज, बाकी सगळं घरामागच्या अंगणात स्वतःच्या हातानं. आणि मी रक्त काढतो. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळी सातपासून दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, सुई घालायची. तिथे सगळे मला डास म्हणतात. बायकोनं ही बातमी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माहेरी पोचवली होती. सासरे इतके सभ्य, की त्यांनी ती ऐकूनही न ऐकल्यासारखी केली.

त्या रविवारी सकाळी बायको आणि सासूबाई पडद्यांचं कापड आणायला निघाल्या. सासूबाई दारापर्यंत गेल्या आणि मागे फिरल्या.

"महिन्यात तिसऱ्यांदा उघडलंय त्यांनी ते इंजिनाचं झाकण. वर्षातून एकदा करायचं काम ते. काही विचारलं की म्हणतात, तुला काय कळतंय त्यातलं. तुम्ही जरा लक्ष ठेवा."

"मला तरी काय कळणार त्यातलं, आई?"

"इंजिनावर नव्हे हो. त्यांच्यावर!"

मी मागच्या अंगणात गेलो. ट्रकची केबिन पुढे कलती करून ठेवली होती आणि सासरे एका लाकडी खोक्यावर उभे राहून इंजिनात वाकले होते. मला बघून त्यांचा चेहरा ओशाळला.

"तुम्ही कशाला आलात? कपडे खराब होतील."

"बसून बसून कंटाळलो."

हे उत्तर त्यांना अपेक्षित नसावं. थोडा वेळ माझ्या शर्टाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मग असं करा. खाली पुढच्या पुलीला लांब दांड्याचा पाना लावलाय. मी म्हणेन तेव्हा हळूहळू फिरवायचा, थांबा म्हटलं की थांबायचं. मघापासून प्रत्येक वेळी मीच खाली उतरतोय आणि मीच वर चढतोय."

मी पाना फिरवायला लागलो. तो फिरला की वर इंजिनात काहीतरी जडपणे वळायचं. दोन-तीनदा झाल्यावर मी विचारलं, की नेमकं करताय काय? त्यांनी मला वर बोलावलं आणि बोटानं दाखवलं.

"हा रॉकर. हा व्हॉल्व्ह. रॉकर दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो. दोघांच्या मधे इवलीशी फट ठेवायची, कारण इंजिन तापलं की लोखंड फुगतं. फटच नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आतला दाब निसटतो, हळूहळू व्हॉल्व्ह जळतो. फट जास्त झाली तर टकटक वाजत राहतो. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह. गार इंजिनात हे पातं घालून प्रत्येकाची फट मापायची. यालाच टॅपेट सेट करणं म्हणतात."

सहा वर्षांत ते माझ्याशी सलग इतकं कधी बोलले नव्हते. त्यांच्या हातात पातळ पोलादी पात्यांची जुडी होती, चाकूसारखी उघडणारी. प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली.

"मग तिसऱ्यांदा का?"

"चढाला दम टाकतेय गाडी. आवाज काही नाही. अगदी मुकाट चालते. पण चढ आला की मान टाकते."

मी खाली जायच्या ऐवजी तिथेच उभा राहिलो. लोकांचे हात बघणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. त्यांनी नट सैल केला, स्क्रू फिरवला, फटीत पातं घातलं. पातं जाईना, मधेच धनुष्यासारखं वाकलं. तरी ते रेटत राहिले, आणि अर्धंमुर्धं आत गेल्यावर "झालं" म्हणून नट आवळायला लागले. तेवढ्यात त्यांच्या हातातल्या पान्यावर मला लाल काहीतरी दिसलं.

"बाबा, रक्त येतंय."

"कुठे?"

त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. उजव्या तर्जनीच्या पेरावर चांगला अर्धा इंच चिरलं होतं. ती जखम त्यांना शोधावी लागली. डिझेलनं ओल्या झालेल्या फडक्यानं त्यांनी बोट खसकन पुसलं आणि तोंडही वाकडं केलं नाही. माझ्यासमोर अशी माणसं रोज येतात. बोटाच्या टोकाला टोचलं तरी पापणी हलत नाही, उलट विचारतात, "टोचलं का?"

मी म्हणालो, "ते पातं मी एकदा घालून बघू?"

"बघा की."

मी घातलं. गेलं नाही. "हे जात नाहीये."

"जातं. आत्ताच घातलं मी." त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा रेटलं. "हे बघा."

"बाबा, वाकतंय ते."

"जावईबापू, एकोणतीस वर्षं मी हे करतोय."

"हो."

"तुम्ही आज पहिल्यांदा हातात धरलंय."

"हो. पण ते वाकतंय."

ते खोक्यावरून उतरले आणि त्याच खोक्यावर बसले. मला वाटलं, आता हे घरात निघून जाणार आणि सहा वर्षांचं आमचं 'चाललंय, पळतेय'सुद्धा आजपासून बंद. पण ते हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाले, "दीड वर्ष झालं."

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

"आधी टोकांना मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या. सकाळी शर्टाची बटणं हिच्याकडून लावून घेतो. तिला वाटतं, म्हातारा लाडात आलाय." ते जरासे हसले. "कान शाबूत आहेत म्हणून मी आवाजावर सेट करायला लागलो. टकटक थांबली की झालं, असं धरायचं. आणि टकटक काय, घट्ट आवळलं की थांबतेच."

"म्हणजे सगळेच घट्ट झाले असतील?"

"तेच तर." त्यांनी जुडी माझ्यापुढे धरली. "घ्या. पंचवीसचं पातं हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हना, पन्नासचं धूर सोडणाऱ्यांना. मी खाली पाना फिरवतो."

मी बाह्या दुमडून खोक्यावर चढलो. काम सोपं दिसत होतं, होतं मात्र महाकिचकट. पातं किती अडलं पाहिजे, हेच कळेना.

"लोण्यात सुरी गेल्यासारखं नको," ते खालून म्हणाले, "आणि भिंतीतला खिळा उपटल्यासारखंही नको. मधलं."

"मधलं म्हणजे कसं?"

"ते बोटाला कळतं हो. सांगता येत नाही."

मग मीच त्यांना विचारलं, की शिरेत सुई जाताना बोटाला बारीकसा अडथळा लागतो आणि मग एकदम सुटल्यासारखं होतं, तसं का? ते उठून उभे राहिले, माझ्याकडे नीट बघितलं. बहुधा पहिल्यांदाच. "तसंच. पण इथे ते सुटायचं नाही. धरून धरून सोबत यायचं."

पहिल्या व्हॉल्व्हला मला पाव तास लागला. पातं अगदी मनासारखं सरकत होतं, आणि नट आवळल्यावर बघतो तर फट गायब.

"नट आवळताना स्क्रूही फिरतो," ते म्हणाले. "सगळ्यांचं तिथेच चुकतं. एका हातानं स्क्रू धरून ठेव, दुसऱ्यानं नट आवळ. आणि आवळल्यावर परत बघ."

'ठेव' म्हणाले. 'ठेवा' नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही आणि मीही आणून दिलं नाही.

पुढचे पटापट होत गेले. मी प्रत्येकाची अवस्था वरून सांगायचो आणि ते खाली रिपोर्ट ऐकणाऱ्या पेशंटसारखे गप्प ऐकायचे. बारापैकी आठ घट्ट निघाले. त्यातल्या तिघांना फटच नव्हती.

"चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट, धूर सोडणारा?"

"पातं शिरतच नाही."

"जळालाच असता तो," ते म्हणाले. "अजून चार फेऱ्या झाल्या असत्या ना, तर इंजिनाचं अख्खं हेडच उतरवावं लागलं असतं."

नववा झाला, दहावा झाला. माझ्या डोक्यात मात्र मघापासून दुसरंच घोळत होतं. ही बधिरता हातांत येते तेव्हा बहुतेक वेळा पायांतून चालत आलेली असते. मी शेवटी विचारलं.

"बाबा, आणि पाय?"

खाली पाना थांबला. "पायाचं काय?"

"ब्रेक, क्लच. तळव्यांना कळतं का?"

मी वाकून बघितलं. पान्याचा दांडा धरून ते उकिडवे बसले होते.

"हल्ली बूट काढून चालवतो," ते म्हणाले. "अनवाणी थोडंफार कळतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे माल भरून त्यांना निघायचं होतं, नऊ तासांचा रस्ता.

"हे घरात बोलू नका, जावईबापू. आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही."

पुन्हा 'तुम्ही' झालो होतो. खरं सांगतो, मला हो म्हणावंसं वाटलं. सहा वर्षांनी या माणसानं मला जवळ बसवलं होतं, आणि त्याच दिवशी मी त्यांच्या विरुद्ध उभा राहणार होतो.

"मी नाही बोलणार," मी म्हणालो. "तुम्ही बोला. आज जेवताना. तुम्ही नाही बोललात तर मग मात्र मी बोलेन."

"धमकी देताय?"

"हो. समोरून येणाऱ्याला काय माहीत, तुमचा पाय झोपलाय ते?"

खाली पाना हलला. मग आवाज आला, "अकरावा घे."

बारावा झाल्यावर झाकण बसवलं, केबिन खाली घेतली. ते वर चढले आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर टाकला आणि लयीत चालू लागलं. आतून बारीकशी, एकसारखी टिकटिक ऐकू येत होती. माझा चेहरा पडला.

"वाजतंय की अजून."

"एवढं वाजायलाच हवं," ते म्हणाले. "गार इंजिन एवढं बोलतंच. मी मूर्ख, दीड वर्ष त्याचं तोंड दाबत होतो." डोळे मिटून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग इंजिन बंद केलं, पण खाली उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले. मी हात धुवायला गेलो.

जेवायला आम्ही चौघं बसलो. पडद्यांच्या रंगावरून मायलेकींचं जुंपलं होतं. सासरे खाली मान घालून जेवत होते. मी घास नुसता चघळत होतो. अर्धं जेवण झालं, पाणी पिऊन झालं, आणि मला वाटलं आता मलाच तोंड उघडावं लागणार. तेवढ्यात ते म्हणाले, "उद्याच्या फेरीला मी जात नाही."

"का? गाडी नाही झाली नीट?" सासूबाईंनी विचारलं.

"गाडी ठणठणीत आहे. मीच बिघडलोय."

आणि त्यांनी डावा हात ताटावरून सासूबाईंच्या पुढे केला. सासूबाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी ती बोटं एकेक करून दाबली. "हे कळतंय?" "नाही." "हे?" "नाही." पाचही बोटं झाली. मला वाटलं त्या रडतील, पण त्या भडकल्याच.

"आणि रोज सकाळी मी बटणं लावत होते ती लाडानं! एकदा सांगायचं होतं की हो! कोणी खाणार होतं का तुम्हाला?"

रडली माझी बायको. आणि डोळे पुसता पुसता तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांची बोटं बधिर केली होती.

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलमध्ये आले आणि त्यांचं रक्त मीच काढलं. साखर इतकी वाढली होती, की मी मशीनवर दोनदा तपासली. डॉक्टर म्हणाले, औषधं आणि पथ्य नीट सांभाळलं तर आहे ते टिकेल, थोडं परतही येईल, पण सगळं येणार नाही. गाडी चालवणं बंद. ते डॉक्टरांशी भांडले. मग पंधरा दिवस घरात कोणाशी धड बोलले नाहीत. एक दिवस ट्रक विकायचा म्हणाले, दुसऱ्या दिवशी कोणी तसं नाव जरी काढलं तरी अंगावर धावून यायला लागले. माझ्याशी तर महिनाभर फक्त हं आणि ऊं. बायको म्हणायची, "त्यांना वेळ दे." मी दिला. दुसरं काय करणार होतो?

शेवटी एक ड्रायव्हर ठेवला. चाळिशीचा, भरवशाचा, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. पहिल्याच फेरीला सासरे त्याच्याबरोबर निघाले. गाडी अनोळखी माणसाच्या हातात एकटी सोडणार नाही म्हणाले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. सासूबाई दिवसभर फोनकडे बघत होत्या. रविवार होता, आम्ही तिथेच होतो.

संध्याकाळी फोन आला, तो माझ्या फोनवर. मी घाबरतच उचलला.

"अरे, ऐक," ते म्हणाले. मागे ड्रायव्हरची बडबड चालूच होती. "या रस्त्यानं मी एकोणतीस वर्षं जातोय ना, तर दुसऱ्या घाटाच्या खाली केवढं मोठं तळं आहे! पलीकडचा काठ दिसत नाही. मी कधी बघितलंच नव्हतं."

"नवीन झालं असेल," मी म्हणालो.

"छे! ड्रायव्हर म्हणतो, पहिल्यापासून आहे. चालवताना मान वळवायची कोणाची छाती होती? येताना थांबून जवळून बघणार आहे."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "गोळी घेतलीत का?"

त्यांनी घेतली म्हणून सांगितलं असावं. कारण सासूबाई म्हणाल्या, "फोन त्या ड्रायव्हरकडे द्या, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."