दत्तारामची दुसरी हवा

दत्ताराम साटमला पाण्याखालचं सगळं कळत होतं; पाण्याबाहेरचं मात्र दिवसेंदिवस कळेनासं झालं होतं. आता हेच बघा. पोरीने वाढदिवसाचं म्हणून एक खोकं पुढ्यात ठेवलं आणि आतून निघालं काय, तर पिवळं सिलिंडर. चहाच्या थर्मासएवढं. डोक्यावर गोल नळ, घड्याळासारखं छोटं मीटर आणि दातात धरायची रबरी तोटी.

"हे काय? आग विझवायचं?" त्याने विचारलं.

"हवा आहे बाबा," श्रुतिका म्हणाली. "पाण्याखाली अडकलास तर घ्यायची."

स्वयंपाकघरातून सुगंधा हात पुसत धावत आली. "ऑक्सिजन? कोणाक काय झालाहा?"

"कोणाला काही नाही गं आई. साधी हवा. आपण घेतो तीच, दाबून भरलेली."

दत्ताराम विचारात पडला. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर हवा रग्गड पडलेली, वर सुकटीचा वास फुकट. ती डब्यात भरून विकणारा माणूस हुशार की विकत घेणारी आपली पोर वेडी, हे काही त्याला ठरवता येईना.

पण पोर वेडी नव्हती. अंधेरीत नोकरी करायची, सुट्टीत तारकर्लीला जाऊन समुद्रात उतरायचं रीतसर शिकून आली होती. आणि तिला बापाची धास्ती वाटत होती. दत्तारामचं कामच तसं. वर्सोव्याच्या खाडीत कुठल्या बोटीच्या पंख्यात जाळं किंवा दोर गुंतला की त्याला हाक यायची. दातात सुरी धरायची, छाती भरून घ्यायची, खाली जायचं आणि चाचपत दोर कापायचा. बघायचा प्रश्नच नव्हता, कारण त्या पाण्यात डोळे उघडणं म्हणजे चहात बुडी मारणं. गेल्या महिन्यात तो वर आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं, आणि बोटीवर कसं चढलो ते त्याला आठवत नव्हतं. त्या रात्री श्रुतिकाने सांगून टाकलं, की एक तर ती काहीतरी सोय करील, नाहीतर पाण्यात जाणं बंद.

बंद म्हटल्यावर दत्तारामचं उरणार काय? जमिनीवर तो कोण होता? लिफ्टमध्ये चुकीचं बटण दाबणारा, मोबाइल उलटा धरणारा म्हातारा होऊ घातलेला इसम. पाण्याखाली गेला की मात्र तो दत्ताराम असायचा. म्हणून त्याने सिलिंडर मुकाट्याने मान्य केलं.

खरा घोळ पुढेच झाला. तोटी तोंडात कशी धरायची, नळ कसा उघडायचा, हे सगळं दाखवून झाल्यावर श्रुतिका म्हणाली, "आणि एक. यातून श्वास घेतलास की वर येताना तो अडवायचा नाही. सोडत सोडत यायचं. आ म्हणत. डॉक्टर घसा बघतात ना, तसं."

दत्ताराम हे नेमकं उलटं शिकला होता. कोकणात देवबागला तो लहान असताना खडकांच्या कपारीत तांबोशी माशामागे भाला घेऊन उतरायचा, तेव्हा वर होडीत बाप बसलेला असायचा. बापाने आयुष्यात त्याला एकच गोष्ट शिकवली होती. "छातीत घेतलेला वर येईसर सोडू नको." त्या एका वाक्यावर दत्ताराम आजवर जिवंत होता.

"सोडला तर मरेन ना," तो म्हणाला.

"अडवलास तर मरशील. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. फुप्फुस फाटतं बाबा, दोन पुरुष खोल पाण्यातसुद्धा."

"आणि वरून भरून नेलेली?"

"ती खाली दबते, आणि वर आल्यावर होती तेवढीच होते. ती धरून ठेवली तरी चालतं."

"म्हणजे हवा तीच, छाती तीच आणि कायदे दोन?"

"हो."

"आणि भाल्याने मासे मारणाऱ्यांनी काय करायचं?"

"त्यांनीही हेच. काही दीडशहाणे माशामागे जास्त वेळ थांबायला ही हवा वापरतात. तू तसं करायचं नाहीस. अडकलास तरच. घेतलीस की आ करत वर."

चार दिवस दत्ताराम पिंपात तोंड बुडवून सराव करत होता. पिंपात जमायचं. पण रात्री पडल्या पडल्या बाप एका कानात बोलायचा, पोरगी दुसऱ्या कानात, आणि दोघंही खरीच वाटायची.

सुगंधाला यातलं काहीच कळत नव्हतं. तिच्या लेखी सिलिंडर म्हणजे सिलिंडर. लग्न होऊन ती चाळीत आली त्या वर्षी समोरच्या खोलीत गॅसचा भडका उडाला होता, आणि तेव्हापासून घराबाहेर पडताना तिचा हात गॅसच्या नळावर गेल्याशिवाय राहत नसे. लग्नाला निघालेली माणसं रिक्षातून उतरवून ती नळ बघायला परत आली होती. त्यावरून घरात तिची भरपूर थट्टा व्हायची. ती काही हात थांबवत नव्हती.

रविवारी सकाळी चंद्रप्रकाशचा फोन आला. तो दत्तारामचा जुना दोस्त, बोटीचा मालक. बोट खाडीत अडकली होती. पंख्यात जाळं आणि जाळ्याचं दुसरं टोक खाली गाळात. श्रुतिकाने घरीच नळ उघडला, मीटर पाहिलं, तोटीतून दोन श्वास घेतले. "झकास," म्हणाली, सिलिंडर पिशवीत ठेवलं आणि स्कूटर काढायला खाली गेली. दत्ताराम सुरी शोधत होता. तो दाराशी आला तेव्हा सुगंधा पिशवी घेऊन उभीच होती.

बोटीवर श्रुतिकाने पुन्हा मीटर पाहिलं. काटा भरलेला दाखवत होता. तिने सिलिंडर त्याच्या छातीशी पट्ट्याने बांधलं. चंद्रप्रकाश हसला. "काय रे दत्ता, बाटलीतलं दूध पिणार काय आता?"

"पोरीला विचार," दत्ताराम म्हणाला आणि छाती भरून खाली गेला.

पंख्यातलं जाळं तीन बुड्यांत सुटलं. चौथ्या बुडीला तो दोरावरून हात सरकवत तळाला गेला. गाळात हात घातला, सुरी चालवली, आणि दोर तुटला तसा जाळ्याचा सुटा तुकडा त्याच्या पायावर आला. पाय हलेना. वाकून कापायला लागला, पण जाळं नायलॉनचं, चिवट. छाती जळायला लागली. बापाची हवा संपत आली होती.

त्याने तोटी तोंडात धरली. श्वास आला. गार, कोरडा, मोठा श्वास. असलं सुख त्याला पाण्याखाली कधी मिळालं नव्हतं. चार दशकं आपण उगाच कुचंबलो असं क्षणभर त्याला वाटून गेलं. त्या श्वासावर त्याने पाय मोकळा केला आणि दुसरा श्वास घ्यायला ओढलं.

काही आलं नाही.

पुन्हा ओढलं. तोटी भिंतीसारखी बंद. मीटर भरलेलं, सिलिंडर नवं, पोरीने तपासलेलं, मग हवा गेली कुठे? त्याला काहीच समजेना. एवढंच समजलं, की छातीत आहे तेवढाच श्वास उरला आहे आणि वर जायचं आहे. त्याने पाय मारला. वर सरकताना छाती भरून यायला लागली, आतून कोणी पंप मारतंय अशी. धर, बाप म्हणाला. सोडू नको. हा एकच आहे. सोड, पोरगी म्हणाली. त्या अंधारात दत्तारामला वर-खाली कळत नव्हतं, मग खरं-खोटं कुठलं कळणार? हा श्वास बापाचा की पोरीचा? तोटीतून आला होता. खाली घेतला होता. मग पोरीचा. फार भीती वाटत होती, तरी त्याने तोंड उघडलं आणि जवळचा एकुलता एक श्वास 'आ' करून खाडीत सोडून दिला.

नवल म्हणजे तो संपेचना. सोडतोय तरी येतोय, सोडतोय तरी येतोय, आणि तेवढ्यात डोक्यावर ऊन लागलं.

बोटीच्या कडेला ओणवी झालेली श्रुतिका ओरडली, "बुडबुडे आधी आले! बाबा, तू सोडलास!" तिने आणि चंद्रप्रकाशने त्याला वर घेतलं. धाप ओसरल्यावर त्याने सांगितलं की दुसरा श्वास आलाच नाही. श्रुतिकाने नळाला हात लावला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बंद आहे. मीटर सिलिंडरचं दाखवतं, नळाचं नाही. नळ आणि तोटीच्या मधे राहिला होता तेवढा एकच श्वास मिळाला तुला." ती रडायलाच लागली. "मी उघडला होता. उघडला होता ना? की मीच नंतर बंद केला? इथे परत का नाही बघितलं मी?"

दत्तारामने तिला उघडताना पाहिलं होतं. पण उघडा नळ आपोआप कसा बंद होईल, हे काही त्याला सांगता येईना. दोघं स्कूटरवरून घरी आली.

सुगंधाने दार उघडलं आणि पिशवी हातात घेतली. "सकाळी नळ उघडोच होतो पिशवीत," ती म्हणाली. "मी बघलंय म्हणान बरा. दोघांकय अक्कल नाय."

श्रुतिकाने तोंड उघडलं. दत्तारामने तिचा हात घट्ट दाबला. त्याला राग आला होता, चांगलाच आला होता, पण तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. घरातली माणसं जगावीत म्हणून जो हात इतकी वर्षं नळ बंद करत आला, त्या हातावर रागवायचं कसं?

"जेवण वाढ गो," तो म्हणाला. "भूक लागलीहा."

आत गेल्यावर तो श्रुतिकाला हळूच म्हणाला, "तू विसरली नव्हतीस. कळलं ना? आता झोप नीट."

बुधवारी पुन्हा हाक आली. दत्तारामने सिलिंडर आणून सुगंधाच्या पुढ्यात ठेवलं. "हो नळ आता तू उघडूचो. मी निघताना, दरवेळी."

"मी? माका काय कळता ह्यातला?"

"गॅसचा कळता ना? ह्येचा उलटा. हो उघडोच ठेवचो लागता."

सुगंधाने नळाला हात घातला आणि हात तिथेच थांबला. "पाण्यात जाताना पण?"

"तेव्हाच तर."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. श्रुतिका खिडकीबाहेर बघत होती. "मगे त्या दिवशी..." सुगंधा म्हणाली.

दत्ताराम चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या.

सुगंधाने नळ शेवटपर्यंत फिरवला. मग कोणी न सांगता तोटी तोंडाला लावली आणि एक लांब श्वास ओढून पाहिला. हवा आली. ती तशीच उभी राहिली, छाती भरलेली, डोळे भरलेले, श्वास कोंडून.

दत्तारामने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सोड गो," तो म्हणाला. "अडवूचो नाय. आ कर."

सुगंधाने आ केला, आणि मग ती रडायला लागली.