साबण प्यायलेली हंडी

मित्रांनो, जवळ या, पण नाक माझ्या तोंडाशी आणू नका. माझी मलाच शिसारी येते. मी एक जुनी मातीची हंडी आहे. मालोलोसच्या बाजारामागे तोमासाची खाणावळ आहे, तिच्या मागच्या दारी मी आता पालथी पडून असते. सारं गाव तिला मानाने आलिंग तोमासा म्हणतं. मी मात्र नुसतं तोमासा म्हणते, कारण तिचं वय वाढताना मी चुलीवर बसून पाहिलं आहे.

कालुम्पितच्या कुंभारणीने मला घडवलं. तोमासाने पहिल्याच दिवशी माझ्या पोटात डुकराचं मांस, लसूण आणि ताडीचं व्हिनेगर घातलं. इथवर ठीक होतं. मग तिने ताजं रक्त ओतलं. शी! कोऱ्या करकरीत अंगात रक्त! भट्टीतच तडकले असते तर बरं, असं मला वाटलं. पण रटरटून ते काळंभोर, दाट, आंबट झालं आणि वास कुठल्या कुठे गेला. याला इथे दिनुगुआन म्हणतात. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र वाफवलेल्या पुतोबरोबर ते खायला माणसं दारात खोळंबून उभी राहायची. माझी किळस त्याच दिवशी मेली.

तोमासाचे नियम कडक होते. व्हिनेगरला उकळी येईपर्यंत पळी लावायची नाही. शिजवताना चव बघायची नाही, नाकानेच ओळखायचं. आणि मला धुवायचं ते राख आणि गरम पाण्याने, साबण कधीच नाही. माती सगळं पिते, मित्रांनो. आम्हाला थुंकता येत नाही.

तोमासाची एकुलती एक लेक दालिसाय. घरात तिला साय म्हणतात. तिच्या हाताला आईने कधी राख लागू दिली नाही. शिकून ती पर्थला गेली आणि दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करू लागली. तिथला डंकन तिला आवडला. तो आपल्या आईला, हेदरबाईंना, घेऊन रीतीप्रमाणे मागणी घालायला येणार होता. दोघांनीही आमचं जेवण कधी चाखलं नव्हतं.

"आई, अडोबो कर, सिनिगांग कर, लुंपिया तळ," साय म्हणाली. "पहिल्यांदा खाणाऱ्याला तेवढं पुष्कळ झालं. रक्त तेवढं नको गं."

"तुझ्या बारशाला रक्त चाललं, बापाच्या दिवसाला चाललं, आणि आता पर्थवाल्यांपुढे नको? मागणीसाठी डुक्कर कापायचं आणि रक्त काय गटारात ओतू?"

"त्यांना किळस येईल!"

"त्यांना येईल की तुला येते, बये?"

तोमासा पुतो आणायला बाजारात गेली, तशी ही पोरगी मला घेऊन नळाखाली बसली. मला हुंगून तिने नाक मुरडलं. मग पर्थहून आणलेला लिंबाच्या वासाचा साबण पिळला आणि तारेने खसाखसा घासलं. फेस माझ्या पोटात मुरत गेला. इतकी मळमळ मला रक्तानेही झाली नव्हती. बाजारातून येऊन तोमासाने त्याच हंडीत दिनुगुआन रांधलं. लसणाच्या फोडणीखाली तिच्या नाकालाही काही कळलं नाही.

पाहुणे बसले. हेदरबाईंनी एक घास घेतला आणि त्यांचा जबडा थांबला. डंकनने कसाबसा गिळला. ताटात कडेला साबणाचे बुडबुडे दिसत होते. दोघंही हसून माना डोलवत होते. आमचं अन्न असंच लागतं, अशी त्यांची समजूत झाली होती. शरमेने माझी माती गरम झाली.

तोमासाने एक घास खाल्ला. तिने लेकीकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. "साय, त्यांना सांग, म्हातारीकडून चूक झाली. घाईत मीच हंडी साबणाने धुतली. सांग त्यांच्या भाषेत."

साय उठून उभी राहिली. आईचं खोटं आता तिला स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं. तिचे ओठ हलले, थांबले, मग ती भराभर बरंच काही बोलली. डंकनने चमचा खाली ठेवला. हेदरबाई तोंडावर रुमाल दाबून परसात धावल्या.

"एवढं काय सांगितलंस?" तोमासाने विचारलं.

"हंडी मी धुतली, ते. त्यांच्यासमोर मला माझ्या घराच्या वासाची लाज वाटली, ते. आणि हे रक्त आहे, तेही."

"वेडी! मी सांभाळून घेत होते ना! मला पहिल्याच घासाला कळलं होतं. या घरात लिंबाचा साबण तुझ्याशिवाय आणणार कोण?"

सायने स्वतःचं ताट पुढे ओढलं, त्यात माझ्यातलं दिनुगुआन वाढलं आणि खायला लागली.

"नको गं, पोट बिघडेल."

"बिघडू दे. तू रांधलंयस," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत असतानाही तिने ताट चाटूनपुसून खाल्लं.

मागणी झाली की नाही, मला माहीत नाही. मला तेव्हाच बाहेर ठेवलं. त्यानंतर तोमासाने माझ्यात कित्येक वेळा पाणी उकळून पाहिलं, पण माझा साबण जात नाही. मित्रांनो, मातीचं भांडं राखेने धुवा. आणि ज्यात आईने आयुष्यभर रांधलं, त्याचा वास घालवायला कधी जाऊ नका. तो गेला की पुन्हा येत नाही.