पट्ट्याखालचे जव

प्रभावतीबाईंनी ट्रेडमिलसमोर आचमन केलं, तळहातावरून पाणी सोडलं आणि नाव-गोत्र उच्चारून संकल्प म्हटला, तेव्हा घरात कोणी नव्हतं म्हणून बरं. नाहीतर त्यांच्या लेकाने, सुमंतने, त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला असता. आईची गंमत! त्याला मेल्याला सगळीकडे आईची गंमतच दिसते.

पण ही कल्पना मुळात त्याचीच, हे विसरून चालणार नाही.

झालं होतं असं. मागच्या अधिक महिन्यात प्रभावतीबाई आणि त्यांचे यजमान वासुदेवराव पंचक्रोशीला निघाले होते. मणिकर्णिकेवर संकल्प करायचा, अनवाणी सगळ्या काशीला वळसा घालायचा, वाटेत पाच मुक्काम करायचे आणि पुन्हा मणिकर्णिकेवर येऊन संकल्प पुरा करायचा. दुर्गाघाटावर लहानाची मोठी झालेली बाई ती, तिला हे कोणी शिकवायला नको. दोघं मजेत गप्पा मारत तिसऱ्या मुक्कामापर्यंत, रामेश्वरपर्यंत पोचले. धर्मशाळेच्या अंगणात गोवऱ्यांवर बाट्या भाजत होत्या, वासुदेवराव वांग्याचं भरीत कालवत होते, आणि सुमंतचा फोन आला.

"आई, उद्या साहेब जेवायला येतायत. त्यांना अस्सल पुरणपोळी खायचीय. रुचीला कुठे येते? माझ्या प्रमोशनचा प्रश्न आहे गं!"

आता यावर काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. बाट्या तशाच सोडून दोघं ऑटोत बसले. वासुदेवराव म्हणाले, "जाऊ दे गं. राहिलेलं पुढच्या अधिकात करू. रामेश्वर काही पळून जात नाही."

रामेश्वर नाही पळाला. वासुदेवरावच गेले, पुढच्या थंडीत, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. सुमंतनेच त्यांना मणिकर्णिकेवर अग्नी दिला. साहेबांनी तुपाची धार धरून पोळ्या हाणल्या, सुमंतला केबिन मिळाली, आणि एका सरळमार्गी माणसाचा संकल्प अर्ध्या वाटेत लोंबकळत राहिला. प्रभावतीबाईंना ते रात्रंदिवस डाचायचं. अर्धी परिक्रमा टाकून आलेला माणूस पुढे कुठे जात असेल, असं त्यांच्या मनात यायचं.

तीन वर्षांनी पुन्हा अधिक आला, यंदा ऐन जेठाच्या भट्टीत. त्यांनी सुमंतला धरलं. "रामेश्वरपासून पुढचं तेवढंच राहिलंय रे. शिवपूर, कपिलधारा आणि मग मणिकर्णिका. गुडघे असे झालेत, हाताला धरून कोणी चाललं तर होईल. रोज पहाटे थोडं थोडं चालू."

सुमंतने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. आधी ऑडिट आलं, मग लूचं गरम वारं सुरू झालं, मग त्याची कंबर धरली. शेवटी एक दिवस जेवताना तो म्हणाला, "आई, एवढी हौस आहे ना, मग ती ट्रेडमिल पडलीय हॉलमध्ये. त्यावर कर की पंचक्रोशी! एसी लावून कर!" आणि तो हसला. सून रुची, लखनौची पोरगी, मराठी सगळं समजतं पण बोलते हिंदीच, तीही तोंडावर ओढणी धरून हसली.

प्रभावतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "करीन!" त्या म्हणाल्या. दोघांना वाटलं, म्हातारी चेष्टेला चेष्टेने उत्तर देतेय.

चेष्टा? चेष्टा करायला या बाईला सवड कुठे होती? दुसऱ्या दिवशी दोघं आपापल्या ऑफिसात गेल्यावर त्यांनी ट्रेडमिलवरचे टॉवेल काढले. ते यंत्र रुचीने वजन उतरवायला घेतलं होतं. जेमतेम आठवडाभर पळाली, मग त्यावर कपडे वाळायला लागले. चालू कसं करायचं हे बाईंनी तेव्हाच बघून ठेवलं होतं. लाल किल्ली खाचेत बसवायची, हिरवं बटण दाबायचं, वेग सगळ्यात कमी ठेवायचा. पडद्याच्या कोपऱ्यात आजवरचं एकूण अंतर दिसायचं. रुचीचं पळणं त्यातून वजा केलं, आणि तिथून रामेश्वर मागे टाकून बाई निघाल्या. अनवाणी. दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरून. रस्त्यावर धरायला हात नव्हता, इथे निदान दांडे तरी होते.

पहिले दोन दिवस त्या नुसत्या रागाने चालल्या. राग मोठा चांगला असतो गुडघ्यांना. पण पुढे पुढे तो ओसरला आणि त्याची जागा वासुदेवरावांनी घेतली. "अहो, सावकाश. इथे चढ आहे," त्या म्हणायच्या. कुठला चढ आणि काय! समोर एसी आणि भिंतीवरचा टीव्ही. पण अंतर भरलं त्या दुपारी त्यांनी यंत्र थांबवलं, खाली उतरून गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "आलं बघा शिवपूर." आणि त्यांना खरंच रडू आलं. आपण हे खुळ्यासारखं करतोय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. दुसरं काय करता येण्यासारखं होतं ते कोणीतरी सांगा.

कपिलधाराही आलं. आता शेवटचा टप्पा, तोही रोज थोडा थोडा चालून संपत आला. कपिलधारेपासून पुढे वाटेवर जव पेरत जायचे असतात, सगळे यात्रेकरू पेरतात. बाईंनी चौकातल्या पूजेच्या दुकानातून जव मागवले होते. तो अधिकाचा शेवटून दुसरा दिवस, रविवार. सुमंत आणि रुची सकाळी कचोरी-जिलबी खायला बाहेर पडले, तशा या पदराच्या गाठीत उरलेले जव घेऊन यंत्रावर चढल्या. चिमूट चिमूट दाणे पुढ्यात टाकायचे आणि त्यांवरून चालायचं. त्यांचा आपला अंदाज, दाणे मागे जाऊन फरशीवर पडतील, नंतर झाडून घेऊ. काही पडलेही. बाकीचे कुठे गेले ते पट्टाच जाणे.

मणिकर्णिका हाकेच्या अंतरावर आली असेल नसेल, तोच खालून करकर आवाज झाला. पट्टा आचके देत थांबला आणि बाई दांड्याला लोंबकळल्या. पडद्यावर लाल अक्षरात काहीतरी उमटलं आणि यंत्र टी टी करत ओरडायला लागलं.

त्यांनी बटण दाबून पाहिलं. किल्ली काढली, पुन्हा घातली. प्लग काढून लावला. हात जोडले. काही उपयोग झाला नाही. अधिक उद्या संपणार होता. पुढचा तीन वर्षांनी, आणि तोवर आपण असू याची खात्री त्यांना मुळीच नव्हती. सुमंतला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तो आल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, ती ट्रेडमिल बंद पडलीय. जरा बघतोस का?"

"तू कशाला हात लावलास तिला?"

"जरा पाय मोकळे करत होते." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

सुमंतने बाह्या सरसावल्या. यंत्राचं काम म्हटलं की त्याच्या अंगात येतं. त्याने सॉकेट बदललं, स्टॅबिलायझर तपासला, पट्टा पुढे-मागे ओढला, मागचे स्क्रू डावीकडे पिळले, मग उजवीकडे पिळले. यंत्र टी टी करतच होतं. शेवटी त्याने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावून स्पीकरवर ठेवला. फोनवरच्या मुलीने पुढचं झाकण उघडायला सांगितलं. त्याने झाकण काढलं, पट्टा हाताने उचलला, आणि रोलरच्या खोबणीतून भुरुभुरु जव सांडले.

"हे काय? घोडा बांधला होता की काय इथे?"

रुची वाकून बघायला लागली. प्रभावतीबाईंनी पदराची गाठ पुढे केली. मग म्हणाल्या, "मी पेरले. कपिलधारेपासून पुढे पेरतात."

सुमंतला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो असा हसला की हातातला पाना खाली पडला. "रुची! अगं, आईने खरंच केली पंचक्रोशी! ट्रेडमिलवर!" रुची म्हणाली, "मम्मीजी, आप सच में?" आणि तीही हसली. सुमंतने सांडलेल्या जवांचा फोटोसुद्धा काढला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मान नव्हता घालवायचा त्यांना, पण मानापेक्षा मोठं काहीतरी त्या यंत्रात अडकलं होतं. त्या सुमंतच्या अगदी जवळ गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हसून घे. पण ऐक. बाबांचं राहिलं होतं ना, ते करतेय मी. रामेश्वरपासून मोजत आलेय, आता अगदी थोडं उरलंय. त्या कोपऱ्यात आकडा आहे बघ, तेवढा जाऊ देऊ नकोस."

"हो गं, हो," सुमंत म्हणाला. त्याचं लक्ष पट्ट्यात होतं.

त्याने ब्रशने दाणे काढले, झाकण बसवलं. यंत्र पुन्हा टी टी. फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, अब रीसेट करना पड़ेगा. दोनों बटन एक साथ दबाकर रखिए. लेकिन पुराना सब मिट जाएगा. कुछ ज़रूरी तो नहीं है उसमें?"

"नहीं नहीं," सुमंत म्हणाला, "इसमें कुछ ज़रूरी नहीं है."

आणि त्याने दोन्ही बटणं दाबली. एक लांब शिट्टी वाजली. पडदा काळा झाला, परत उजळला, आणि त्यावर ओळीने शून्यं आली. पट्टा लोण्यासारखा फिरायला लागला.

"बघ! नवीकोरी करून दिली. चढ आता!"

प्रभावतीबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पाहून रुचीचं हसू आधी थांबलं. सुमंतला थोड्या वेळाने आठवलं. "अरे हां, तो आकडा. सॉरी गं. पण आकड्याचं काय एवढं? तू कुठवर आलीस ते देवाला ठाऊक आहेच की."

"देवाला ठाऊक आहे रे. देवाला सांगावंच लागत नाही. सांगावं लागतं ते माणसाला, म्हणून तुला सांगितलं होतं. आत्ता, या इथे उभी राहून सांगितलं होतं."

सुमंत पाना पुसत राहिला. खाली गाडी उभी होती. रविवार होता. कपिलधारा गाडीने असं कितीसं लांब? तिथून पुढे मुलाचा हात धरून, बसत उठत, संध्याकाळपर्यंत पोचता आलं असतं. आणि आज नाही तर उद्याचा दिवस होताच. हे बाईंना दिसत होतं, सुमंतला दिसत असलंच पाहिजे, असं त्यांना वाटलं. त्या थांबल्या. त्यांनी त्याला पुरेसा वेळ दिला.

"कपिलधारा काही लांब नाही," अखेर त्या स्वतःच म्हणाल्या.

"या उन्हात? वेड लागलंय का आई? आणि उद्या ऑफिस आहे." मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "पुढच्या अधिकात नेतो. शब्द देतो तुला. पार मणिकर्णिकेपर्यंत हात धरून नेतो."

बाईंनी वाकून लाल किल्ली ओढली. पट्टा थांबला. किल्ली त्यांनी सुमंतच्या तळहातावर ठेवली.

"मणिकर्णिकेपर्यंत तू मला नेशीलच रे," त्या म्हणाल्या. "बाबांनाही नेलंस की. त्याला रजा मिळते."

मग त्यांनी केरसुणी आणली आणि खाली बसून फरशीवरचे जव गोळा करायला लागल्या.